तपशील पुसल्यावर उरलेला आकडा

१९९९ साली सिअ‍ॅटलला अनेककण-सिद्धान्ताच्या अभ्यासकांची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉर्ज बर्ट्श यांनी त्या निमित्ताने आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक कोडं टाकलं. मांडायला ते दोन ओळींचं होतं. फर्मी जातीचे कण घ्या, निम्मे एका फिरकीचे, निम्मे उलट फिरकीचे. त्यांच्यातल्या आकर्षणाचा पल्ला शून्य धरा, पण जोर नेमका इतका ठेवा की दोन कणांची जोडी जुळण्याच्या अगदी उंबरठ्यावर असेल. निरपेक्ष शून्य तापमानाला अशा समुदायाची ऊर्जा किती? आणि त्याही आधी, असा समुदाय टिकतो तरी का, की स्वतःवरच कोसळतो?

दोन कण एकमेकांना किती लांबून जाणवतात याचं एक माप असतं, त्याला प्रकीर्णन लांबी म्हणतात. जोडी जुळण्याच्या उंबरठ्यावर ही लांबी अनंत होते. म्हणजे बर्ट्श यांच्या कोड्यात एक लांबी शून्य, दुसरी अनंत. गणितात मोजण्याजोगी लांबी उरते ती एकच : शेजारच्या कणांमधलं सरासरी अंतर. मग ऊर्जेचं सूत्र गुंतागुंतीचं असूच शकत नाही. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या फर्मी कणांची त्याच घनतेला जी ऊर्जा असते, तिच्या अमुक पट, एवढंच ते असणार. हा ‘अमुक’ म्हणजे निव्वळ आकडा. त्याला एकक नाही, त्यावर कुठल्या कणाचं नावही नाही. लिथियमचे अणू असोत की न्यूट्रॉन, आकडा एकच.

प्रश्न आला होता न्यूट्रॉन ताऱ्यांवरून. दोन न्यूट्रॉनांची जोडी निसर्गात बांधली जात नाही, पण थोडक्यात हुकते. त्यांची प्रकीर्णन लांबी साडेअठरा फेम्टोमीटरच्या आसपास आहे आणि बलाचा पल्ला अवघा २.७. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात, जिथे न्यूट्रॉन विरळ असतात, तिथे शेजाऱ्यांमधलं अंतर या दोन मापांच्या मध्ये पडतं. बर्ट्श यांनी हीच परिस्थिती टोकाला नेऊन ठेवली. बोस जातीच्या कणांना हे टोक मानवत नाही. तीन कण जवळ आले की पल्ला शून्य होताना त्यांची ऊर्जा तळ नसल्यासारखी खाली जाते, हे १९३५ पासून माहीत होतं. दोन सारख्या फर्मी कणांना एकाच अवस्थेत राहू न देणारा पाउलींचा नियम त्यांना वाचवेल असं वाटत होतं, पण वाटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं. लॉस अ‍ॅलमॉसच्या जॉर्ज बेकर यांनी श्रेणीगणित करून उत्तर दिलं की समुदाय टिकतो. आकडा मात्र त्यांना नीट पकडता आला नाही. बेरीज कशी करावी त्यावर तो ०.३३ पासून ०.५७ पर्यंत कुठेही येत होता.

बर्ट्श यांच्या प्रश्नाला मोठा पूर्वेतिहास आहे. तपशील पुसून टाकला की वेगवेगळे पदार्थ एकसारखे वागतात, हा विचार व्हान डर वाल्स यांनी १८८० मध्येच मांडला होता. प्रत्येक वायूचं तापमान आणि दाब त्याच्या स्वतःच्या क्रांतिक मापात मोजा, सगळे वायू एकाच सूत्रात बसतील. लायडनच्या कामरलिंग ओनेस यांनी हा विचार प्रयोगशाळेत कामाला लावला. हेलियम नेमका किती थंड केल्यावर द्रव होईल याचा अंदाज हातात असल्याशिवाय एवढी यंत्रणा कोण उभारील? १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रव झाला, ४.२ केल्विनला. पुढे हॉलंडमधल्याच यान द बुर यांनी त्या जुन्या नियमात क्वांटम यामिकीची भर घातली. अणू जितका हलका आणि त्याचं आकर्षण जितकं दुबळं, तितका तो जुन्या नियमापासून ढळणार, आणि हे ढळणंही एका ठरावीक मापाने मोजता येतं. १९४८ मध्ये त्यांनी आणि लुनबेक यांनी हेलियम-३ कोणत्या तापमानाच्या आसपास द्रव होईल ते लिहून ठेवलं. तोवर हेलियम-३ चा द्रव कोणी पाहिला नव्हता. पुढल्याच वर्षी तो लॉस अ‍ॅलमॉसला मिळाला आणि भाकीत खरं ठरलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित विजय आहे. मोठी बक्षिसं अतिप्रवाहाच्या वाट्याला गेली.

अतिप्रवाहाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. २.१७ केल्विनखाली हेलियम-४ बिनघर्षण वाहतो. १९३८ च्या जानेवारीत मॉस्कोचे कापित्सा आणि केंब्रिजचे अ‍ॅलन व मायझनर यांचे लेख ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. विशिष्ट उष्णतेचा आलेख त्या तापमानाला ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा टोकदार होतो, म्हणून त्याला लॅम्डा बिंदू नाव पडलं. इथे आपल्याला हवी ती गोष्ट वेगळी आहे : हा द्रव कागदावर कसा उतरवायचा?

हेलियमचे अणू एकमेकांना खेटून असतात. त्यांच्या गाभ्याचा आकार आणि शेजाऱ्यांमधलं अंतर जवळजवळ एकाच मापाचं, त्यामुळे इथे तपशील पुसता येत नाही. शंभर अणूंचं तरंगफलन म्हणजे तीनशे चलांचं फलन. प्रत्येक चलासाठी नुसते दहा बिंदू घेतले तरी एकावर तीनशे शून्यं एवढी किंमत साठवावी लागेल. सुटका झाली ती पत्त्यांमुळे. १९४६ मध्ये आजारातून उठताना स्टानिस्लाव उलाम एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत बसले असता त्यांना सुचलं, की डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावं. या पद्धतीला माँटे कार्लो हे जुगारी नाव मिळालं. १९५३ मध्ये लॉस अ‍ॅलमॉसच्या मॅनियाक यंत्रावर मेट्रोपोलिस, रोझेनब्लुथ दांपत्य आणि टेलर दांपत्य यांनी २२४ चकत्यांचा एक द्रव यदृच्छेने हलवून दाखवला. एक चकती किंचित सरकवायची, नवी रचना संभाव्यतेच्या कसोटीला उतरली तर ठेवायची, नाहीतर परत फिरायचं, आणि हे पुनःपुन्हा करायचं. तीनशे मितींचा सगळा प्रदेश पालथा घालण्याची गरजच उरली नाही. जिथे संभाव्यता जास्त, तिथेच ही यदृच्छ पावलं घुटमळतात.

ही युक्ती क्वांटम द्रवावर पहिल्यांदा चालवली विल्यम मॅकमिलन यांनी. ते इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन यांचे विद्यार्थी होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात हेलियम-४ साठी एक साधं अंदाजी तरंगफलन आहे. त्यात दोन अणू एकमेकांच्या फार जवळ आले की संभाव्यता शून्याकडे जाते, बाकी फारसं काही नाही. दर अणूमागे ऊर्जा आली उणे ५.९ केल्विन. प्रयोगातली किंमत उणे ७.१ च्या आसपास होती. एका साध्या अंदाजाने एवढं साधलं, तर पुढची पायरी उघड होती : अंदाज सुरुवातीपुरता ठेवायचा आणि संगणकाने तो स्वतःच सुधारत न्यायचा. माल्विन कालोस यांनी ती पायरी बांधली. श्रोडिंगरचं समीकरण काल्पनिक काळात चालवलं की जास्त ऊर्जेच्या अवस्था विरत जातात आणि तळाची अवस्था तेवढी शिल्लक राहते. ही विरण्याची क्रिया यदृच्छ पावलांनी करता येते. अणूंमधल्या बलाचं १९७९ चं सुधारित सूत्र वापरून या पद्धतीने हेलियमची ऊर्जा प्रयोगाला जवळजवळ तंतोतंत जुळली.

मॅकमिलन यांचं काम झालं त्याच इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना गावी, सत्तरच्या दशकाच्या आरंभी नागपूरचा एक तरुण प्राध्यापक रुजू झाला : विजय रघुनाथ पांढरीपांडे. जन्म १९४०, शिक्षण नागपूर विद्यापीठात, मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था. हान्स बेथे यांच्याबरोबर १९७३ मध्ये त्यांनी लिहिलेला लेख दाट समुदायांच्या ऊर्जेचं गणित कसं करावं याविषयी होता, आणि त्यात द्रव हेलियम आणि न्यूट्रॉन द्रव्य शेजारी शेजारी बसले होते. पांढरीपांडे यांची ही कायमची सवय. अणुकेंद्राचं गणित अडलं की ते हेलियमकडे वळत, हेलियममध्ये हात बसला की परत अणुकेंद्राकडे. ऐंशीच्या दशकात पीपर आणि वायरिंगा यांच्यासोबत त्यांनी हेलियमचे थेंब संगणकात घडवले. थेंब आणि अणुकेंद्र दोन्ही मूठभर कणांचे, दोन्हींना पृष्ठभाग, दोन्हींत कण खेटून बसलेले. एकात केल्विन, दुसऱ्यात दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, पद्धत मात्र तीच.

पण पांढरीपांडे यांची कीर्ती अगदी उलट्या गोष्टीसाठी होती. दोन न्यूट्रॉन-प्रोटॉनांमधलं बल हे भौतिकीतलं अत्यंत किचकट बल आहे. ते फिरकीवर अवलंबून, अंतरावर अवलंबून, कोन बदलला की बदलणारं, आणि दोघांत तिसरा आला की आणखी वेगळं. ‘अर्बाना’ नावाने ओळखली जाणारी तीन-कणी बलं ही त्यांच्या गटाची कमाई. १९९८ मध्ये अकमल आणि रेव्हनहॉल यांच्यासह त्यांनी न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्रव्याचं जे अवस्था-समीकरण काढलं, त्यात अर्गॉन प्रयोगशाळेचं अठरा पदांचं बल, सापेक्षतेच्या दुरुस्त्या आणि तीन-कणी बल सगळं होतं. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं बॉनर पारितोषिक त्यांना मिळालं ते १९९९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बर्ट्श यांनी सगळा तपशील पुसून टाकणारा प्रश्न विचारला त्याच वर्षी. तपशिलात आयुष्य घालवलेल्या माणसाला असा प्रश्न पोरकट वाटायला हरकत नव्हती. त्यांना तो भुरळ घालून गेला.

अडचण होती ती चिन्हाची. हेलियम-४ बोस जातीचा, त्याचं तळाचं तरंगफलन सगळीकडे धन. त्याला संभाव्यता मानून पावलं टाकता येतात. फर्मी कणांचं तरंगफलन कुठे धन, कुठे ऋण. काल्पनिक काळात पावलं टाकत गेलं की धन आणि ऋण वाटे एकमेकांना खात जातात आणि शेवटी हातात गोंगाट तेवढा राहतो. यावरचा रूढ तोडगा म्हणजे तरंगफलन जिथे शून्य होतं ते पृष्ठभाग आधीच ठरवून टाकायचे आणि पावलांना तो पृष्ठभाग ओलांडू द्यायचा नाही. शेताला बांध घातल्यासारखं : आतलं पाणी आपोआप सपाटीला येतं, पण बांध कुठे घालायचा ते शेतकऱ्यानेच ठरवायचं. गंमत अशी की बांध चुकला तर उत्तर एकाच बाजूला चुकतं. मिळालेली ऊर्जा खऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्तच भरते, कमी कधीच नाही. त्यामुळे दोन बांधांपैकी चांगला कोणता हे ठरवायला प्रयोगाची वाट पाहावी लागत नाही. ज्याची ऊर्जा कमी, तो चांगला.

पांढरीपांडे, त्यांचे जुने विद्यार्थी जोसेफ कार्लसन आणि केविन श्मिट, आणि अर्बानातले एस. वाय. चँग या चौघांनी आधी साधे बांध घातले, म्हणजे कण एकमेकांशी न बोलणारे असते तर जिथे आले असते तिथे. आकडा आला ०.५४. मग त्यांनी बांध हलवले आणि कणांच्या जोड्या गृहीत धरून नवे घातले. जोड्यांचं हे तरंगफलन बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी १९५७ मध्ये अतिसंवाहकतेसाठी मांडलं होतं, अर्बानामध्येच. आकडा उतरला ०.४४ वर. समुदायाला जोड्यांत राहायचं आहे हे असं बांधांच्या जागेवरून कळलं. त्यांनी आणखी एक तपासणी केली. सम संख्येच्या समुदायात एक कण वाढवला की तो एकटा पडतो, त्याला जोडीदार नाही. या एकट्याची किंमत दर कणाच्या सरासरी ऊर्जेच्या जवळपास दुप्पट निघाली. हेलियम-३ मधल्या किंवा नेहमीच्या अतिसंवाहकांमधल्या जोड्या इतक्या हलक्या असतात की त्या तोडायला या मानाने नाममात्र ऊर्जा पुरते. इथल्या जोड्या निसर्गात माहीत असलेल्या जोड्यांत सर्वांत घट्ट म्हणाव्यात अशा. हा लेख २००३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. काही डझन कण, एक पेटी आणि एक आकडा : ०.४४, कमीजास्त ०.०१.

या सुमारास बर्ट्श यांचा काल्पनिक द्रव प्रयोगशाळेतही तयार झाला होता. लिथियम-६ चे अणू लेझरच्या सापळ्यात धरून, सुमारे ८३० गाउसचं चुंबकीय क्षेत्र लावून त्यांची प्रकीर्णन लांबी हवी तितकी ताणता येते. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने सिगारच्या आकाराचा असा ढग सापळ्यातून मोकळा सोडला. तो सगळीकडे सारखा न फुलता आडवा फुलत गेला आणि सिगारची चकती झाली. नुसते एकटेदुकटे अणू असे वागत नाहीत, एकमेकांना ढकलणारा द्रवच असा वागतो. हवेच्या दशलक्षांश घनतेचा, शून्याच्या वर केल्विनच्या काही दशलक्षांश भागाएवढा थंड, आणि तरी द्रव. ब्रुकहेवनच्या त्वरकात सोन्याची अणुकेंद्रं आदळून बनलेला क्वार्कांचा रस्साही असाच एका अंगाला फुलतो. दोन्हींच्या तापमानात अठरा-वीस शून्यांचं अंतर आहे.

आकडा मात्र प्रयोगवाल्यांच्या हातातून मासळीसारखा निसटत होता. ड्यूकच्या पहिल्या मोजणीतून २००३ मध्ये ०.७४ निघाला. इन्सब्रुकला २००४ मध्ये ०.३२, आणि चुकीची कक्षा एवढी मोठी की त्यात काहीही बसावं. ड्यूकलाच २००५ मध्ये ०.५१, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पुढल्या वर्षी ०.४६. कारणं साधी होती. इतक्या थंड ढगाला तापमापक लावता येत नाही, तापमान ढगाच्या आकारावरून ओळखावं लागतं. शिवाय प्रकीर्णन लांबी नेमकी कुठल्या चुंबकीय क्षेत्राला अनंत होते तेच पक्कं ठाऊक नव्हतं. संगणकवाल्यांचं उलट होतं. त्यांचा आकडा एकाच दिशेने सरकत होता, खाली. ०.४४, मग ०.४२, आणि बांध आणखी नीट घातल्यावर २०११ मध्ये ०.३८३. बांधाच्या पद्धतीत आकडा खालीच येणार हे मी वर म्हटलं ते याचसाठी. प्रयोगांचे आकडे इकडेतिकडे उड्या मारत असताना या लोकांना निदान एवढं सांगता येत होतं, की खरं उत्तर याच्या वर नाही.

पांढरीपांडे यांना हा शेवट पाहायला मिळाला नाही. २००६ च्या जानेवारीत कर्करोगाने ते गेले.

२०११ मध्ये कार्लसन, श्मिट, गांडोल्फी आणि शिवेई झांग यांनी बांधच काढून टाकले. त्यांनी जागेची जाळी केली, कणांमधलं आकर्षण यदृच्छ क्षेत्रांमधून मांडलं, आणि मग एक लहानशी गोष्ट फार मोठी ठरली. दोन्ही फिरकींचे कण समसमान असतील तर दोन फिरकींचे वाटे अगदी सारखे येतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वर्ग, आणि वर्ग ऋण असू शकत नाही. चिन्हाची अडचण जागीच मेली. आकडा आला ०.३७२, कमीजास्त ०.००५. त्याच सुमारास एमआयटीत मार्टिन झ्वीरलाइन यांच्या गटाने तापमानाला हातच न लावता मोजणी केली. सापळ्यातली घनता जागोजाग मोजायची, त्यावरून दाब आणि दाबल्या जाण्याची तयारी काढायची, बाकी सगळं त्यातून निघतं. २०१२ च्या आरंभी त्यांनी ०.३७६ जाहीर केला, आणि ढगाच्या विशिष्ट उष्णतेत हेलियमसारखंच लॅम्डाच्या आकाराचं टोक दाखवलं. पुढल्या वर्षी हायडलबर्गकडून प्रकीर्णन लांबी अनंत होते ते चुंबकीय क्षेत्र अधिक काटेकोर मिळालं, ८३२.१८ गाउस, आणि आकडा दुरुस्त होऊन ०.३७० झाला. बर्ट्श यांच्या प्रश्नाला तेरा-चौदा वर्षांत उत्तर मिळालं. फर्मी कणांच्या गणितात हे फार लवकर म्हणायचं.

अतिप्रवाह सुरू होण्याचं तापमानही सार्विक निघालं : कणांच्या घनतेवरून ठरणाऱ्या फर्मी तापमानाच्या सुमारे सहाव्या भागाएवढं. हेलियम-३ मध्ये हे प्रमाण हजारात एकाच्या घरातलं असतं. धातूमधल्या इलेक्ट्रॉनांना लिथियमच्या ढगाइतका जोर लावता आला असता, तर अतिसंवाहकता खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर गेली असती. हे ‘असता’ अनेकांच्या संशोधन-अनुदानांच्या अर्जांत वाचायला मिळतं. दोन फिरकींची संख्या समसमान नसेल तर मात्र वर्गाची युक्ती चालत नाही, चिन्हाची अडचण परत येते, आणि तिथे अजून बांधच घालावे लागतात.

न्यूट्रॉनांचं काय झालं? कार्लसन आणि अलेक्झांड्रोस गेझर्लिस यांनी २००८ मध्ये विरळ न्यूट्रॉन द्रव्य आणि थंड अणू यांच्या ऊर्जेचे आलेख एकमेकांशेजारी ठेवले. अगदी विरळ घनतेला दोन्ही एकत्र चालतात. घनता वाढली की न्यूट्रॉन वेगळे होतात, त्यांची ऊर्जा वरच राहते, कारण त्यांच्या बलाचा तो २.७ फेम्टोमीटरचा पल्ला शून्य नाही. ताऱ्याच्या कवचातही सार्विक आकडा नुसता उचलून लावता येत नाही, आणि पोटात, जिथे न्यूट्रॉन हेलियमच्या अणूंसारखे खेटून बसलेले असतात, तिथे तर त्याचा काही उपयोग नाही. तिथे अठरा पदांचं बलच लागतं, आणि दोघांत तिसरा आल्यावर काय होतं तेही लागतं. २०१० मध्ये रेडिओ दुर्बिणीने एका स्पंदकाचं वस्तुमान सूर्याच्या १.९७ पट मोजलं. एवढा जड न्यूट्रॉन तारा पेलू न शकणारी अनेक अवस्था-समीकरणं त्या एका मोजणीने बाद झाली. १९९८ मध्ये अकमल, पांढरीपांडे आणि रेव्हनहॉल यांनी तीन-कणी बलासकट काढलेलं समीकरण सूर्याच्या २.२ पट वजनापर्यंत तारा उभा धरतं.